हौसामावशीकडची दिवाळी

अहो,

फडताळात आता शेजाऱ्यांचे डबे मावत नाहीत. दुखवट्याच्या घरात वर्षभर तळणाची कढई चढवायची नाही, म्हणून सगळी पेठ फराळ आणून देते आहे. समोरच्या सोनारणीनं तर तुम्हाला आवडतात म्हणून कडबोळी आणली आणि दारातच तोंडाला पदर लावून उभी राहिली. "सवयीनं केली हो," म्हणाली. मी डबा घेतला.

तुम्ही कसे गेलात, शेवटी काय झालं, हे येईल त्याला सांगून झालंय. तुम्हाला ते सांगायला नको. मला बोलायचंय ते आपल्या दिवाळीच्या फिरण्याबद्दल, आणि काल जे घडलं त्याबद्दल. काल तुम्ही इथं असायला हवे होतात.

लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत लढाई लागली. तुमच्या सगळ्या दिवाळ्या छावणीत, मग बोटीवर, मग इटलीत गेल्या. शाळेला सुट्टी लागली की मी एकटीच कोरेगावला दादाकडे जायची, त्याला ओवाळायची आणि एकटीच परत यायची. गाडीत नवऱ्याच्या शेजारी बसलेल्या, मुद्दाम कुरकुर करणाऱ्या बायका बघितल्या की मी खिडकीकडे तोंड फिरवायची. त्यामुळं लढाई संपून तुम्ही आलात, त्या पहिल्या दिवाळीला मी नवी इरकल नेसून तुमच्या शेजारी बसले तेव्हा सगळा डबा माझ्याकडेच बघतोय असं मला वाटत होतं. मीही कुरकुर केली. पिशवी जड आहे म्हणाले, ऊन लागतंय म्हणाले. तुम्ही बाहेरचा शाळू बघत होतात. मला किती आनंद झालाय हे तुम्हाला कळलं का, ते मी कधी विचारलं नाही.

दादाकडे तुम्ही दोन वेळा पोटभर जेवलात, वहिनीच्या करंज्यांचं कौतुक केलंत. साखर रेशनवर, म्हणून तिनं त्या गुळाच्या केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सांगलीला तुमच्या ताराआक्कांकडे, म्हणजे माझ्या वन्संकडे, जायचं ठरलं होतं. पण सकाळी चहा घेताना तुम्ही म्हणालात, "आधी विट्याकडं जाऊ. किसनाच्या आईकडं."

किसनाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तो तुमच्या पलटणीतला जिवाभावाचा मित्र आणि इटलीतल्या एका नदीत तो गेला. त्याच्या आईला सरकारचा कागद आला होता, त्यात तो बेपत्ता आहे असं लिहिलं होतं.

"ती अजून वाट बघती," तुम्ही म्हणालात. "त्यो बेपत्ता न्हाई. मी हुतो तिथं. तिला सांगाय पायजे."

ताकारीला उतरून आपण कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं विट्याला गेलो आणि तिथून पुढं पायी. सगळा कोरडा मुलूख. पावसाळा नुकताच सरलेला, तरी ओढ्यात पाणी नव्हतं, पायाखाली माती फुटत होती. दिवाळीपुरतं गाव भरलेलं होतं. परमुलखात सोनं गाळायला गेलेली माणसं सुट्टीला आली होती, त्यांची पोरं नव्या कपड्यांत फटाके उडवत होती. हौसामावशीचं घर गावाच्या कडेला होतं, दोन खणांचं. तिथपर्यंत फटाक्यांचा आवाज पोचत नव्हता असं मला वाटलं. कदाचित मी दमले होते.

आपण येणार हे तिला कुणी कळवलं नव्हतं. तरी ती दारात उभी होती, एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. आपल्यावरून तुकडा ओवाळून टाकत म्हणाली, "लय उशीर केलासा. त्यो म्हणला हुता, दुपारच्या आत येतील."

"कोण म्हणलं, मावशी?" तुम्ही विचारलंत.

"किसना. आनि कोण?" मग माझ्याकडे वळून, "ये पोरी. हिरवी इरकल नेसून येणार, हे बी सांगितलं हुतं त्यानं."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही जोडा काढायचंसुद्धा विसरला होतात.

आत पाट मांडले होते. मी आणि मावशी मागून जेवणार, म्हणजे पाट एकच लागायचा. मांडले होते दोन. दोन्हींपुढं ताटं, दोन्ही ताटांत भात, आमटी, शेंगदाण्याची चटणी, एकेक करंजी. तुम्ही बसलात. ती दुसऱ्या पाटाजवळ टेकली आणि पदरानं त्या ताटावरच्या माशा वारू लागली. मधेच म्हणाली, "लाजतोस कशापायी? खा की." तुम्ही घाईघाईनं घास घेतलात. ते ती तुम्हाला म्हणाली नव्हती.

"मावशी," तुम्ही म्हणालात, "मला काय तरी सांगायचंय. नदीवर त्या दिवशी..."

तिनं तुमच्या तोंडापुढं हात धरला. "जेवताना नदीचं नाव काढू नगंस बाबा. उठून जाईल त्यो."

मी हात धुवायचं निमित्त करून मागच्या अंगणात गेले. तिथं दोरीवर एक सदरा आणि धोतर वाळत घातलेलं होतं. भर दुपारचं कार्तिकाचं ऊन, आणि सदऱ्यातून पाणी गळत होतं. खाली चिखल झाला होता. एवढासाच, ताटाएवढा, आणि भोवती सगळी भेगाळलेली जमीन. मी बाही हातात धरली. थंड होती. विहिरीच्या पाण्याची थंडी नव्हे. बोटं आखडावीत अशी. तेवढ्यात तुम्ही मागून आलात. बाही नाकाशी नेलीत आणि सोडून दिलीत.

"काय झालं?"

"काय न्हाई. चल."

विट्याच्या वाटेवर बरंच चालून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "त्यो वास त्या नदीचा हाय."

मी शाळामास्तरीण. भुतंखेतं नसतात हे दरवर्षी पोरींना शिकवते. मी म्हणाले, मुलाचे कपडे रोज धुऊन वाळत घालते बिचारी, त्यात काय? चिखलाचा वास सगळीकडे सारखाच. तुम्ही मान हलवलीत. "हिकडचा गाळ काळा. तिकडं पांढरा हुता." त्यावर मी पुष्कळ बोलले. सांगलीला पोचेपर्यंत आपण भांडत होतो, म्हणजे मी भांडत होते. वन्संनी ओवाळताना चेष्टा केली, "सदा, आधी बायकोचं माहेर, मग बहीण. बरं हाय बाबा." तुम्ही हसलात, पण तबकात ओवाळणी टाकायची त्यांनाच आठवण करावी लागली.

पुढच्या दिवाळीला मी म्हणाले की विट्याकडं नको. सांगायचं ते ती सांगू देत नाही, मग जाऊन करायचं काय? त्यावर तुम्ही ट्रंकेतून एक नवा सदरा काढून पिशवीत घातलात. शिंप्याकडून शिवून आणलेला, तुमच्या मापाचा नव्हे.

"मेलेल्या माणसाला सदरा?" मी ओरडलेच.

"तिचं मन राहतं."

"तिचं की तुमचं?"

ते भांडण तसंच राहिलं. मी रागानं पिशवी उचलली आणि तुमच्या पुढं चालू लागले. गेले महिनाभर मला तो प्रश्न सारखा आठवतो. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, आणि ते तसं होतं म्हणून तर मी तुमच्याशी संसार केला.

मावशीनं सदरा उभा धरून बघितला. "बरोबर बसंल. जरा रोडावलाय, पर बसंल." त्या दिवशी जेवणं नीट झाली. ती गावातल्या गोष्टी सांगत होती, मीही बोलले. मला वाटलं, उगाच भ्याले होते मी. एका आईचं वेड, दुसरं काय? निघताना ती दारापर्यंत आली आणि आत वळून हाक मारल्यासारखी म्हणाली, "किसना, सांगलीपातूर सोडून ये रं ह्यास्नी. ऊन हाय म्हणू नगंस."

पाहुण्यांना पोचवायला आई मुलाला सांगते, तसं. तुम्ही हसला नाहीत.

मोटारीत मुंग्यांसारखी गर्दी. दिवाळीचे दिवस. माणसं फळीवर, माणसं टपावर. तुमच्या उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी होती आणि तिथं कुणी बसत नव्हतं. एक म्हातारा बसायला आला, हात लावून बघितला आणि म्हणाला, "ओली हाय की," आणि उभाच राहिला. मी तिकडं हात नेला नाही. माझ्या सगळ्या शिकवण्यासकट मी हात मांडीवर घट्ट धरून बसले.

वन्संकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांनी अंगणात पणत्या मांडल्या होत्या, लेकी आकाशकंदिलाखाली नाचत होत्या. वन्सं म्हणजे रोकडी बाई. देवालासुद्धा उधार न ठेवणारी. त्यांना हौसामावशीचं काही माहीत नव्हतं, आपण कधी बोललोच नव्हतो. हातपाय धुऊन आपण आत आलो आणि बघते तर दोघांना तीन ताटं.

"वन्सं, भाऊजी यायचेत का?"

"ते कवाच जेवले. ह्ये सदाच्या मैतराला वाढलंय. सदा, हाक मार की त्याला. पाय धुवायला म्हणून मागं गेला त्यो अजून आला न्हाई."

"कोण?" मी म्हणाले.

"आगं, तुमच्या मागनं आत आला न्हाई का? उंच, रोड. केस ओले हुते त्याचे. मी या म्हणलं तर बोलला न्हाई, नुसती मान हलवली. लाजरा दिसतोय."

तुम्ही उठलात. मीही तुमच्यामागं उठले, पण मधल्या दारातच थांबले. मागच्या परसात तुम्ही पाठमोरे उभे होतात. मग परत येऊन वन्संना म्हणालात, "गेला त्यो. आईला एकटं ठेवून आला हुता."

"न जेवता? सणासुदीचं?" वन्सं हळहळल्या आणि ताट झाकून ठेवलं.

धुण्याच्या दगडावर पाणी होतं. एवढंच मी बघितलं. पाणी कुणीही सांडलेलं असेल. पण तेव्हापासून मी वादात कधी चिखलाचा विषय काढला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

मागच्या वर्षी तुमची छाती धरायला लागली होती. वखारीवर लाकडं मोजताना दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, प्रवास नको. मीही म्हणाले नको. तुम्ही अंथरुणावर बसून म्हणालात, "एकदा सांगू दे तिला. मग न्हाई जायचं. शप्पत." तुम्ही शपथ घेणारे नव्हेत. मी पिशवी भरली.

या खेपेला ती दारात नव्हती. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. दोरीवर कपडे नव्हते. पाट भिंतीला उभे करून ठेवलेले. तुम्ही बसला नाहीत. तसेच उभे राहून, हात जोडून म्हणालात, "मावशी, आज ऐकून घ्या. माझ्या हातातनं सुटला त्यो."

मला वाटलं ती आता हात पुढं करील. ती भाकरी थापत राहिली.

"सुटला न्हाई," ती म्हणाली. "त्यानं हात सोडवून घेतला. तू एका हातानं दोर धरला हुतास, दुसऱ्या हातात त्याचं मनगट. दोगं बी गेला असता. मग त्यानं तुझी बोटं एकेक करून उघडली. शेवटचं बोट तू सोडंनास, तवा चावला तुला."

तुमच्या उजव्या करंगळीवर व्रण होता. लग्नात नव्हता. पत्र्यानं कापलं, असं तुम्ही मला सांगितलं होतंत.

"तुमास्नी कुणी सांगितलं?" तुम्ही विचारलंत.

"त्यानंच. पयल्या दिवशीच. तुला मी कवाच दोष दिला न्हाई रं. पर तू सांगाय लागलास की त्यो उठून जायचा, त्याला ते ऐकवत न्हवतं. म्हणून तुझं तोंड धरत हुते. आज त्यो घरात न्हाई. बोल, काय बोलायचं ते बोलून घे."

तुम्ही तिच्या चुलीपुढं बसलात आणि रडलात. इतक्या वर्षांत मी तुम्हाला रडताना पाहिलं नव्हतं. तिनं पिठाचे हात तुमच्या डोक्यावरून फिरवले, केस पांढरे झाले. मग तुम्ही तिथंच घोंगडीवर आडवे झालात आणि झोपलात. दचकून न उठता तुम्हाला झोपलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात, भाकरी उलटता उलटता, ती मला हळूच म्हणाली, "पोरी, मन घट्ट कर. किसना म्हणतुया, लय एकलं वाटतं. सदा आला म्हंजी बरं हुईल म्हणतुया."

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. मी तिथून उठलेच. "तुमचा मुलगा हा असला मित्र?" म्हणाले. "यांचा जीव वाचवायला यांची बोटं सोडवली, आणि आता न्यायला आलाय?" ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. "मी न्हाई म्हणलं गं त्याला," एवढंच म्हणाली. "पर पोरगं आईचं ऐकतं व्हय?" मी तुम्हाला हलवून उठवलं, मोटार चुकेल म्हणाले, आणि चहासुद्धा न घेता तुम्हाला तिथून काढलं. पुन्हा त्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, असं मनाशी ठरवून टाकलं.

वाटेत तुम्ही विचारलंत, "बोटांचं तू सांगितलंस तिला?"

"मला कुठं ठाऊक होतं?"

"खरंच की," तुम्ही म्हणालात आणि हसलात. मोठ्यानं. शेतातल्या बायका वळून बघू लागल्या.

त्यानंतरचं वर्ष आपलं सगळ्यात चांगलं गेलं. तुम्ही घरात बोलायला लागलात. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहायचात, पोरी मला चिडवायच्या. दम लागत असून टेकडीवरच्या चार भिंतीपर्यंत मला घेऊन चढलात आणि सातारा असा पायाखाली पसरलेला बघत बसलात. किसनाची नक्कल केलीत, त्याची चाल, त्याचं गाणं, मेसमधली त्याची चोरी. लढाईत गेलेला माझा नवरा मला त्या वर्षी परत मिळाला, आणि तो जिनं दिला तिच्यावरच मी राग धरून बसले होते. राग आणि उपकार एकाच माणसाचे असले की ते कुठं ठेवायचे हे मला अजून कळलेलं नाही.

पावसाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसात पाणी झालंय." पाणी हा शब्द ऐकून मी चौकट धरली. त्यांना वाटलं, मला चक्कर आली.

एके दिवशी दुपारी, उघडं लख्ख ऊन पडलेलं असताना, तुम्ही डोळे उघडून दाराकडे बघितलंत. "कोण आलंय?"

"कुणी नाही."

"बसाय दे त्याला."

मी उठले आणि दाराजवळ पाट मांडला. मी, पोरींना शिकवणारी. तुम्ही सांगितलंत म्हणून मांडला. आणि तुमचा डोळा लागल्यावर त्या पाटाकडे बघून म्हणाले, "बस. पण घाई करू नकोस." त्यानं घाई केली नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. गौरी-गणपती झाले, पितृपंधरवडा लागला, मग एका सकाळी मी चमच्यानं कोमट पाणी देत होते आणि तुम्ही ते गिळलं नाहीत.

मावशीला मी कळवलं नाही. दादानं विचारलं, विट्याकडे निरोप धाडू का? मी म्हणाले, नको.

आणि काल वसुबारसेला दुपारी ती माझ्या दारात उभी. आयुष्यात कधी गाव न सोडलेली बाई. किसना येईल आणि दार बंद दिसेल, म्हणून ती देवाला, बाजाराला कुठंच जात नसे. पाय धुळीनं पांढरे, काखेत बोचकं, आणि मुठीत किल्ली आवळून धरलेली.

"सदा गेला न्हवं?" तिनं विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. किसना यायचा थांबला." ती उंबऱ्यातच बसली. "सकाळी आंगुळीचं पाणी तापवलं, आला न्हाई. ताट वाढलं, आला न्हाई. दोरीवरचा सदरा वाळून कडक झाला. म्हणलं आज येईल, उद्या येईल. मग कळलं. आता त्याला सोबत मिळाली. आता त्यो आईकडं कशाला येतोय?"

तिच्यासाठी मी वर्षभर शब्द साठवून ठेवले होते. त्याऐवजी मी तिच्या काखेतलं बोचकं काढून घेतलं.

"त्याच्याशी भांडले गं मी," ती म्हणाली. "सदाला न्हेऊ नगं म्हणलं. त्याच्या बायकूला दुसरं कोण न्हाई म्हणलं. ऐकंना, तवा ताट रिकामं ठिवलं त्याच्या म्होरं. जेवाय घालणार न्हाई म्हणलं. उपाशी उठून गेला माझा ल्योक. पुन्ना यायचा, पुन्ना रिकामं ताट बघून जायचा. पाऊसभर मी असंच केलं. पर न्हाई ऐकलं त्यानं."

म्हणजे पावसाळाभर तिकडे ती तिच्या मुलाला उपाशी ठेवत होती, तुम्ही जगावं म्हणून. आणि इकडे मी तिच्या नावानं बोटं मोडत होते.

मग ती रडली. कागद आला तेव्हा रडली नव्हती, इतकी वर्षं रडली नव्हती, ते सगळं काल एकदम आलं. पेठेतल्या बायका धावत आल्या. त्यांना वाटलं, तुमच्यासाठी कुणी जवळची बाई आलीय. मी तिला धरून बसले. वजन नाही हो तिला. वाळलेल्या कडब्याची पेंढी धरावी तशी वाटली. मीही रडले, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा नीट रडले.

संध्याकाळी तिनं अंघोळ केली, फराळ पुढं ठेवला तर सोनारणीच्या डब्यातलं एक कडबोळं खाल्लं. मग म्हणाली, "हितं बामण मिळंल का? किसनाचं करायचं ऱ्हायलंय." भावकी इतकी वर्षं तिच्या मागं लागली होती, क्रियाकर्म उरकून घे म्हणून. जित्या पोराचं कसलं क्रियाकर्म, म्हणून तिनं एकेकाला हाकलून लावलं होतं. दिवाळी सरली की दादा कोरेगावहून येईल आणि आम्ही माहुलीला संगमावर जाऊ. विधी दादाच्या हातून होतील. भटजींशी बोलणं झालंय. मावशीनं विचारलं, नदीत गेलेल्याचं नदीवर केलेलं चालतं का? ते म्हणाले, चालतं.

तोवर ती इथंच राहणार आहे. मग पुढं काय, हे आम्ही दोघींनी अजून ठरवलेलं नाही. आज सकाळी तिनं माझे परकर वाळत घातले आणि दोरीखाली जाऊन कोरडी जमीन हातानं चाचपून आली.

आता मी लिहायला बसले तेव्हा ती विचारत होती, "सदा येतो का गं तुझ्याकडं?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं आहे. मी लक्ष ठेवून आहे. पाट कोरडे आहेत, अंगण कोरडं आहे.

"बरं हाय," ती म्हणाली. "आला तरी दार उघडू नगंस, पोरी. एकडाव उघडलं की मग मिटता येत न्हाई. माझी सारी वर्सं त्या दारात गेली. तू अजून तरणी हायस, तुझी शाळा हाय. वचन दे मला."

मी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं. उघडणार नाही म्हणाले. ती समाधानानं कलंडली, आता झोपलीय.

पण बाहेरून कुणी "अगं, ऐकलंस का" म्हणालं, तर मला ऐकू येणार नाही, असं वचन मी दिलेलं नाही.